रिकामं वजन

टी.व्ही. सेंटरला तिसऱ्या मजल्यावर
ऋत्विज नावाच्या पोरानं ती बॅगेतून काढली,
काळी, पाठीवर एक ओरखडा,
आणि आधीच सांगून टाकलं,
"काका, हा दांडा शक्यतो हलवू नका."
मग ठेवलाय कशाला, मी विचारलं.
तो बेंगळुरूला निघाला होता,
त्याला प्रश्न नको होते, गिऱ्हाईक हवं होतं.
सव्वीस मागितले, एकोणीसला तुटली.
वर आठशे घातले तेव्हा ॲम्प्लिफायर दिला,
तोही गुरगुरणारा.

एसटीत मांडीवर घेऊन बसलो.
बदनापूरला एक बाई चढली,
"भाऊ, ते बाजूला ठिवा की, पोरगं बसंल."
जालन्यापर्यंत पोरगं माझ्या मांडीवर,
गिटार मधल्या दांड्याला टेकून उभी.

मी काट्यावर असतो, एमआयडीसीत, रातपाळी.
भंगाराचे ट्रक येतात,
एकदा भरलेले, एकदा रिकामे,
दोन्ही आकडे छापायचे आणि वजाबाकी.
समतोल म्हणजे काय
हे मला कुणी शिकवू नये, असं वाटायचं.

हिचा पूल लाकडावर बसत नाही.
दोन स्क्रूंना सुरीच्या धारेनं नुसता टेकलेला.
पुढून सहा तारा ओढतात, मागून तीन स्प्रिंगा,
त्या ओढाताणीत तो अधांतरी सपाट.
पहिल्याच रविवारी
सायकल पुसतो तशी पुसायला
मी सगळ्या तारा एकदम काढल्या.
पूल मागं कलंडला, पोटात घुसला.
जयशीला म्हणाली, "मोडली?"
"नाही, बसली."
"मग उठवा."

पंधरा दिवस उठवायलो.
जाड तार सुरात आणावी तर बारीक उतरते,
बारीक चढवावी तर बाकीच्या पाची ढिल्या,
भावकीत जमिनीची मोजणी निघाल्यासारखं,
एकाला समजावलं की दुसरा रुसून बसतो.
मामा चौकात तीन एमएमची ॲलन की मागितली,
"सुट्टी नाही मिळत, सेट घ्यावा लागंल."
घेतला. बाकीच्या आठ अजून तेलकट कागदातच.
युनूसभाईंनी लेथ थांबवून पुलाची धार पाहिली,
बोटानं, डोळे मिटून.
"घासू नका, पाणी उतरंल. टिपकाभर ग्रीस लावा."
पोरगी विचारायची, पप्पा, किती गाणी येतात?
दीड.

हळूहळू कळलं.
एक तार काढायची, तिच्या जागी दुसरी घालायची, मग पुढची.
सूर लागला की वरची तीन कुलपं करकचून बंद,
नंतर खालच्या बारीक स्क्रूंना नखाएवढा फेर.
तरी मे महिन्यात, पत्र्याच्या केबिनीत,
रात्री नऊला जुळवलेली पहाटे चारला चढलेली असायची.

एक खोड राहिली.
चाळीस टनी ट्रक काट्यावर आला की
कोपऱ्यात टेकलेली ती आपसूक घुमायची.
तारा नव्हे, मागच्या स्प्रिंगा,
पोटातल्या पोटात.
जिनिंगच्या गाडीतून गळलेला कापूस उचलला,
स्प्रिंगांत कोंबला.
गप्प झाली.

परवा हरचंद राठोडनं गाडी चढवली,
पावतीला हात पुढं केला आणि थांबला.
"आज बोललं नाही ते?"
काय?
"काटा. वजन झालं की म्हणतो ना काहीतरी. मी त्यावरच गाडी काढतो."

तो माल खाली करायला गेला.
मी पाठीची झाकणी उघडली,
कापूस काढला, ग्रीसनं काळा झालेला.
तासाभरानं रिकामा ट्रक परत चढला
आणि ती घुमली,
भरल्यापेक्षा बारीक, थोडी उशिरा.
हरचंदनं खिडकीतून मान हलवली.

सोळा टन, दोनशे किलो.
पावती फाडून दिली.
पाचवी तार जराशी उतरली होती,
राहू दिली.